क्ष-किरणांना माप लावणारा माणूस : विल्हेल्म राँटजेन

क्ष-किरणांचा शोध कोणी लावला, या एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले असते. मीही केले होते आणि परीक्षा संपताच विसरलेही होते. ते नाव पुन्हा आठवायला लातूरच्या एका रुग्णालयातला लाकडी बाक कारणीभूत झाला.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी माझ्या आत्याला घेऊन लातूरला गेले होते. आत्याचे गाव अहमदपूर तालुक्यात. तिच्या छातीत गाठ लागत होती. आमच्याकडे बाया ही गोष्ट एकमेकींनासुद्धा सांगत नाहीत. आत्याने ती चार महिने लपवून ठेवली होती. आधी दुसऱ्या एका ठिकाणी काढलेला फोटो धूसर आला होता, त्यावरून काहीच सांगता येत नाही असे डॉक्टरांचे मत पडले. म्हणून पुन्हा मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा क्ष-किरण फोटो, काढायचा होता. पण आम्ही पोहोचलो तेव्हा यंत्राची तपासणी चालू होती. दोन तास थांबा, असे सांगण्यात आले. आत्याची चुळबूळ सुरू झाली. मला तर रागच आला.

बाकावरून खोलीचे दार दिसत होते. एक तपासनीस आत जात, यंत्राखाली एक चकचकीत पातळ पत्रा ठेवत, बाहेर येऊन शिसेयुक्त काचेमागून बटण दाबत, आकडा लिहीत आणि पुन्हा आत जाऊन आणखी एक पत्रा चढवत. असे चार-पाच वेळा झाले. पत्रा पोस्टकार्डापेक्षाही पातळ होता. चहाच्या वेळी ते बाहेर आले तेव्हा मी धीर करून विचारले. तो अ‍ॅल्युमिनियमचा शुद्ध पत्रा असून त्याने आपण किरणांची प्रत मोजतो, असे त्यांनी सांगितले. ही युक्ती कोणाची, असे विचारल्यावर त्यांनी घेतलेले नाव राँटजेन यांचेच होते. नांदेडला परतल्यावर मी ग्रंथालयातून त्यांची चरित्रे काढली, विज्ञान शाखेच्या सरांना शंका विचारून भंडावून सोडले, आणि जे हाती लागले ते येथे मांडत आहे.

विल्हेल्म कॉनराड राँटजेन याचा जन्म २७ मार्च १८४५ रोजी जर्मनीतील लेनेप या गावी झाला. वडील कापडाचे उत्पादक व व्यापारी, आई हॉलंडची. मुलगा तीन वर्षांचा असताना हे कुटुंब हॉलंडमधील आपेलडोर्न येथे जाऊन राहिले. विल्हेल्म एकुलता एक होता. अभ्यासात विशेष चमक नव्हती. रानावनात भटकणे आणि हाताने काहीबाही यंत्रे बनवणे यांची मात्र आवड होती.

पुढे त्याला उट्रेख्टच्या तांत्रिक शाळेत घातले. तेथे जे घडले ते सर्व चरित्रकार सांगतात. वर्गातल्या कोणा मुलाने एका शिक्षकांचे व्यंगचित्र काढले. शिक्षक आले तेव्हा विल्हेल्म ते पाहून हसत होता. काढणाऱ्याचे नाव सांग, असा हुकूम झाला. त्याने नाव सांगितले नाही आणि त्याला शाळेतून काढून टाकण्यात आले. बाहेरून परीक्षेला बसून पाहिले, तर त्यातही अपयश आले. म्हणजे जर्मनीत व हॉलंडमध्ये विद्यापीठात जाण्यासाठी जे शालान्त प्रमाणपत्र लागे, ते या मुलाजवळ कधीच आले नाही.

आपल्याकडे बारावीचे गुणपत्रक हरवले तर घरात सुतक पडते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे या कागदांना घरचे किती जपतात ते मला ठाऊक आहे. वडिलांनी माझी सगळी प्रमाणपत्रे पत्र्याच्या पेटीत, कापडात गुंडाळून ठेवली आहेत. म्हणून चरित्रातला हा भाग मी दोनदा वाचला.

स्वित्झर्लंडमधील झुरिच येथील पॉलिटेक्निकमध्ये अशा प्रमाणपत्राशिवायही प्रवेश मिळू शकतो, हे त्याला एका ओळखीच्याकडून कळले. १८६५ च्या नोव्हेंबरात तो तेथे दाखल झाला. १८६८ मध्ये यांत्रिक अभियंत्याची पदविका आणि १८६९ मध्ये डॉक्टरेट त्याने मिळवली. तेथेच प्राध्यापक आउगुस्ट कुंट यांची नजर त्याच्यावर पडली. यंत्राऐवजी भौतिकशास्त्राकडे वळण्याचा सल्ला त्यांचाच. कुंट वुर्ट्‌सबुर्ग येथे गेले तेव्हा साहाय्यक म्हणून राँटजेनही मागोमाग गेले. (येथून पुढे त्यांना अहोजाहो करणेच योग्य.)

वुर्ट्‌सबुर्गला मात्र तो जुना कागद पुन्हा आडवा आला. डॉक्टरेट आहे, संशोधन आहे, गुरूंची शिफारस आहे. पण शालान्त प्रमाणपत्र नाही, म्हणून विद्यापीठात शिकवण्याचा अधिकार नाही! कुंट यांना १८७२ मध्ये स्ट्रासबुर्गच्या नव्या विद्यापीठात बोलावणे आले, राँटजेनही सोबत गेले आणि १८७४ मध्ये तेथे त्यांना अध्यापनाची मान्यता मिळाली. स्ट्रासबुर्ग तेव्हा जर्मनीत होते, आता फ्रान्समध्ये आहे. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

त्यानंतरची वर्षे शांत अध्यापकाची आहेत. होहेनहाइम, पुन्हा स्ट्रासबुर्ग, १८७९ पासून गीसेन. १८८८ मध्ये वुर्ट्‌सबुर्ग विद्यापीठाने त्यांना सन्मानाने प्राध्यापक म्हणून बोलावले आणि १८९४ मध्ये ते तेथेच कुलगुरूपदी निवडून आले. ज्या विद्यापीठाने एकेकाळी दार लावून घेतले होते तेच हे विद्यापीठ. राँटजेन यांनी त्याबद्दल कुरकुर केल्याचे कोठे आढळत नाही. मी केली असती.

१८७२ मध्येच त्यांनी झुरिचच्या एका खाणावळवाल्यांची कन्या ॲना बर्था लुडविग हिच्याशी विवाह केला होता. बर्थाबाई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या. त्यांना मूल झाले नाही. १८८७ मध्ये त्यांनी बर्थाबाईंच्या भावाची सहा वर्षांची मुलगी घरी आणून वाढवली.

८ नोव्हेंबर १८९५, शुक्रवारची संध्याकाळ. राँटजेन तेव्हा पन्नाशीत पोहोचलेले. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीतून उच्च दाबाची वीज सोडली की नळीत कॅथोड किरण निर्माण होतात, त्यांचा अभ्यास युरोपात अनेक जण करीत होते. राँटजेन यांनी नळी काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकली, खोली अंधारी केली आणि वीज सुरू केली. थोड्या अंतरावर ठेवलेला, बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला एक कागदी पडदा चमकू लागला. पुठ्ठ्यातून प्रकाश तर बाहेर येत नव्हता. कॅथोड किरण हवेत इतके दूर जात नाहीत हेही ठाऊक होते. मग पडद्यापर्यंत पोहोचले ते काय?

बहुतेक पुस्तके येथून थेट बर्थाबाईंच्या हातावर उडी मारतात. योगायोगाने शोध लागला, पत्नीच्या हाताचा फोटो काढला, जग चकित झाले, अशी ती गोष्ट. पण मधल्या सात आठवड्यांत या माणसाने काय केले ते पाहिले म्हणजे योगायोग हा शब्द तोंडी येत नाही. ते प्रयोगशाळेतच जेवत, तेथेच झोपत. कोणालाही काही सांगत नसत. आणि दिवसभर करीत काय? तर नळी आणि पडदा यांच्या मध्ये एकेक वस्तू धरून पाहात. हजार पानांचे पुस्तक धरले, तरी पडदा उजळलेलाच. पत्त्यांचे दोन जोड धरले. लाकडाच्या फळ्या, रबर, काच, पाणी, मीठ धरले. अ‍ॅल्युमिनियमचा १५ मिलिमीटर जाडीचा तुकडा धरला, तेव्हा उजेड पुष्कळ कमी झाला पण गेला नाही. शिशाचा मात्र दीड मिलिमीटर पत्राच पुरे झाला.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. किती जाडीचे कोणते धातू सारखेच पारदर्शक ठरतात, हे त्यांनी मोजले. २८ डिसेंबर १८९५ रोजी वुर्ट्‌सबुर्गच्या भौतिक-वैद्यकीय मंडळाकडे दिलेल्या पहिल्या निबंधात हे कोष्टक आहे : प्लॅटिनम ०.०१८ मिलिमीटर, शिसे ०.०५, जस्त ०.१० आणि अ‍ॅल्युमिनियम ३.५ मिलिमीटर. म्हणजे प्लॅटिनमच्या केसाहून पातळ पत्र्याने जेवढे किरण अडतात तेवढे अडवायला अ‍ॅल्युमिनियमची जवळजवळ दोनशे पट जाडी लागते. किरण कसले हे माहीत नाही, म्हणून गणितातल्या अज्ञात राशीचे नाव दिले, क्ष. पण अज्ञात वस्तूलाही माप लावता येते, ही त्यांची शिस्त होती.

बर्थाबाईंचा हात २२ डिसेंबरचा. सुमारे पंधरा मिनिटे हात प्लेटवर ठेवून बसावे लागले. बोटांची हाडे आणि त्यांत सैल लटकलेली अंगठी पाहून बर्थाबाईंना स्वतःचे मरण दिसल्यासारखे वाटले, असे सांगतात. जगातला हा प्रसिद्ध क्ष-किरण फोटो एका स्त्रीचा आहे आणि तिला तो पाहून भीती वाटली, ही गोष्ट मला लातूरच्या बाकावर माहीत असती तर आत्याला सांगता आली असती. कदाचित सांगितली नसती.

नववर्षाच्या दिवशी त्यांनी निबंधाच्या प्रती व फोटो निरनिराळ्या शास्त्रज्ञांना टपालाने पाठवले आणि आठवड्याभरात बातमी वृत्तपत्रांतून जगभर गेली. १३ जानेवारी १८९६ रोजी बर्लिनला सम्राटासमोर प्रयोग झाला. २३ जानेवारीला वुर्ट्‌सबुर्गच्या व्याख्यानात वृद्ध शरीरशास्त्रज्ञ कोलिकर यांच्या हाताचा फोटो सर्वांदेखत काढला गेला. या किरणांना राँटजेन यांचे नाव द्यावे ही सूचना कोलिकर यांचीच. राँटजेन स्वतः अखेरपर्यंत क्ष-किरणच म्हणत राहिले.

जग हाडांचे फोटो काढण्यात दंग झाले असताना हा माणूस पुन्हा मोजण्याकडे वळला. क्ष-किरणांवर त्यांनी तीनच निबंध लिहिले. दुसऱ्यात, १८९६ च्या मार्चमध्ये, नळीत किरण ज्या धातूवर आदळतात तो कोणता आहे यावर निघणाऱ्या क्ष-किरणांची तीव्रता अवलंबून असते, हे दाखवले. तिसरा निबंध मार्च १८९७ चा, आणि आमच्या लातूरच्या पत्र्याचे मूळ या निबंधात आहे. सगळ्या नळ्यांतून निघणारे किरण सारखे नसतात, हे त्यांच्या ध्यानात आले होते. काही किरण भेदक, काही सहज अडणारे. पहिल्यांना त्यांनी कठोर म्हटले, दुसऱ्यांना मृदू. पण किती कठोर, किती मृदू? डोळ्यांनी अंदाज करणे त्यांना पटेना. त्यांनी प्लॅटिनमचा अतिशय पातळ पत्रा घेतला, त्यात पंधरा गोल छिद्रे पाडली आणि त्यांवर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ चकत्या बसवल्या. पहिल्या छिद्रावर एक, दुसऱ्यावर दोन, असे करीत पंधराव्यावर पंधरा. हे साधन पडद्यापुढे धरायचे आणि कोणत्या खिडकीचा उजेड भोवतालच्या प्लॅटिनमइतका दिसतो तो क्रमांक नोंदवायचा. नळी बदलली, किरणांची प्रत बदलली, की खिडकीचा क्रमांकही बदले.

आणखी एक गोष्ट त्यांनी त्याच निबंधात नोंदवली. किरण एखाद्या पत्र्यातून पार झाले की उरलेले किरण आधीपेक्षा अधिक भेदक असतात. पीठ चाळणीतून काढल्यावर कोंडा वर राहतो, तसा येथे मृदू भाग पत्र्यात अडकतो आणि कठोर तेवढा पुढे जातो.

हे सगळे आमच्या आत्याच्या कामी कसे आले ते आता सांगते. हाड आणि मांस यांतला फरक कोणत्याही क्ष-किरणात दिसतो. स्तनात हाड नाही. चरबी, ग्रंथी आणि गाठ हे सगळे मऊच. त्यांतला फरक फार बारीक. तो दाखवायला मृदू किरण लागतात. किरण जास्त कठोर झाले तर ते सगळ्यातून सारखेच पार होतात आणि चित्र सपाट येते. फार मृदू झाले तर त्वचेतच जिरतात, चित्रापर्यंत पोहोचत नाहीत, आणि बाईच्या अंगाला तेवढा मारा फुकट बसतो. या दोन टोकांच्या मधली जागा अरुंद आहे.

बर्लिनचे शल्यचिकित्सक आल्बर्ट सालोमोन यांनी १९१३ मध्ये शस्त्रक्रियेने काढलेल्या सुमारे तीन हजार स्तनांचे क्ष-किरण फोटो काढून पाहिले होते. पण खास या कामासाठीचे यंत्र १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये तयार झाले. डॉ. शार्ल ग्रो यांनी नळीत टंगस्टनऐवजी मॉलिब्डेनम धातू वापरायला लावला, त्यामुळे हवे तसे मृदू किरण मिळू लागले. हे ग्रो काम करीत होते स्ट्रासबुर्गला. ज्या गावाने प्रमाणपत्र नसलेल्या राँटजेन यांना शिकवण्याचा अधिकार दिला, तेच हे गाव.

राँटजेन यांच्या खिडक्यांची जागा पुढे सोप्या मापाने घेतली. ते स्वित्झर्लंडच्या क्रिस्टेन यांनी १९१२ मध्ये सुचवले. किरणांची तीव्रता निम्मी करायला अ‍ॅल्युमिनियमची किती जाडी लागते, ती जाडी म्हणजे किरणांची प्रत. छातीच्या साध्या फोटोच्या किरणांना निम्मे करायला दोन-तीन मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम लागते. मॅमोग्राफीच्या किरणांना मिलिमीटरच्या एक तृतीयांशाच्या आसपास पुरते. तपासनीस वापरत असलेला प्रत्येक पत्रा ०.१ मिलिमीटरचा होता. ढोबळ नियम असा की यंत्र जितक्या किलोव्होल्टवर चालते त्याला शंभराने भागावे. येणाऱ्या उत्तराहून जाडी कमी भरता कामा नये. म्हणजे २८ किलोव्होल्टला किमान ०.२८ मिलिमीटर. पत्रा अशुद्ध असला तर मापच चुकते, म्हणून तो शुद्ध हवा. आपल्या देशात अशा यंत्रांवर १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते आणि निदान दोन वर्षांतून एकदा यंत्राची तपासणी व्हावी लागते. हे काम करणारी माणसे शिकवून तयार करणारा पदविका अभ्यासक्रम तुर्भ्याच्या अणुकेंद्रात १९६२ पासून चालू झाला, हेही मला नव्यानेच कळले. माझ्या दोन तासांच्या रागाची मला लाज वाटली.

पुन्हा राँटजेन यांच्याकडे येऊ. त्यांनी शोधाचे पेटंट घेतले नाही. एका मोठ्या वीज कंपनीने विचारणा केली, तीही नाकारली. विद्यापीठात लागलेला शोध सर्वांचा, अशी त्यांची धारणा होती. बव्हेरियाच्या राजप्रतिनिधीने देऊ केलेली सरदारकीची पदवीही त्यांनी लावली नाही. १९०० मध्ये ते म्युनिकला गेले. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. स्टॉकहोमला जाऊन ते घेतले, पण व्याख्यान दिले नाही. रक्कम वुर्ट्‌सबुर्ग विद्यापीठाला दिली आणि महायुद्धानंतरच्या महागाईत तिची किंमत शून्य झाली.

ते देवमाणूस होते असे मात्र मी लिहिणार नाही. १९१४ मध्ये जर्मन सैन्याच्या कृत्यांचे समर्थन करणाऱ्या ९३ विद्वानांच्या पत्रकावर त्यांचीही सही आहे. नंतर त्यांना तिचा पश्चात्ताप झाला. आयुष्यभर न मोजता एक पाऊल न टाकणाऱ्या माणसाने येथे मात्र न तपासता सही केली.

त्यांचे किरण वापरताना पुष्कळ लोक मेले. आरंभी कोणाला धोका ठाऊक नव्हता. हॅम्बुर्गला १९३६ मध्ये उभारलेल्या स्मारकावर अशा १६९ डॉक्टरांची, तंत्रज्ञांची नावे कोरली. राँटजेन स्वतः वाचले ते त्यांच्या जस्ताच्या पेटीमुळे, असे मानतात. फोटोच्या प्लेटा खराब होऊ नयेत म्हणून त्यांनी जस्ताची मोठी पेटी करून तिला शिशाचा पत्रा लावला होता आणि ते तिच्या आत उभे राहून काम करीत.

बर्थाबाई शेवटची कित्येक वर्षे आजारी होत्या. राँटजेन त्यांची शुश्रूषा स्वतः करीत. ३१ ऑक्टोबर १९१९ रोजी त्या गेल्या. १० फेब्रुवारी १९२३ रोजी म्युनिक येथे राँटजेन यांचे आतड्याच्या कर्करोगाने निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची टिपणे व पत्रे जाळून टाकण्यात आली. त्यामुळे ८ नोव्हेंबरच्या रात्री प्रयोगशाळेत नेमके काय झाले, हे त्यांच्या हस्ताक्षरात कोठेही नाही.

लातूरला त्या दिवशी तपासनिसांनी वहीत ०.३३ हा आकडा लिहिला, पत्रे मऊ कापडात गुंडाळून डबीत ठेवले आणि थोड्याच वेळात आत्याचे नाव पुकारले गेले. या वेळचा फोटो स्वच्छ आला. गाठीची कड दिसत होती. पुढे सुईने तपासणी झाली. आमच्या भागात अशा वेळी माणसे बार्शी नाही तर मुंबईचा रस्ता धरतात. आत्याला तो धरावा लागला नाही. गाठ साधी निघाली. वर्षाने पुन्हा फोटो काढायला सांगितले आहे.

दाखवून परत येताना चाकूरच्या पुढे आत्याने विचारले की हे यंत्र शोधणारा डॉक्टर कोण होता. तो डॉक्टर नव्हता, मास्तर होता आणि मॅट्रिकसुद्धा झालेला नव्हता, असे मी सांगितले, तेव्हा चार महिन्यांत पहिल्यांदाच ती मोठ्याने हसली.